अकरा मिनिटांची बिल्ड

हजेरीपट सोडला तर मावशींचं खरं नाव ऑफिसात कुठेच उरलेलं नव्हतं. बावीस वर्षांपूर्वी त्या इथे टायपिस्ट म्हणून लागल्या, मशीनबरोबर जाणारी माहितीपुस्तकं टाइप करायला. पदवी नाही, इंजिनिअरिंगचा गंध नाही. पण टाइप करायचं ते समजल्याशिवाय बोट पुढे सरकायचं नाही, ही खोड. त्या खोडीपायी प्रोग्राम लिहिणाऱ्यांना त्यांनी प्रश्न विचारून विचारून भंडावून सोडलं, आणि एक दिवस कुणीतरी वैतागून मेकफाइल नावाची एक फाइल त्यांच्या पुढ्यात टाकली. घ्या, हीच नीट टाइप करा म्हणाला. मावशींनी ती टाइप केली, मग दुरुस्त केली, मग सगळी नव्याने लिहून काढली. तेव्हापासून ती फाइल मावशींची झाली आणि मावशी त्या फाइलीच्या.

आपण दिवसभर करतो काय, हे त्यांनी घरी सासूबाईंना एकदा समजावून सांगितलं होतं. प्रोग्राम म्हणजे शे-दीडशे फाइली. माणसाने लिहिलेलं मशीनमधल्या चिपला कळत नाही, म्हणून कंपायलर नावाचा दुभाषी एकेक फाइल चिपच्या भाषेत करून देतो. मग ते तुकडे जोडायचे आणि चिपमध्ये भरायचे. या सगळ्या खटाटोपाला बिल्ड म्हणतात. कोणता तुकडा कशापासून करायचा, आधी कोणता, नंतर कोणता, आणि कशात बदल झाला तर काय पुन्हा करायचं, याची यादी म्हणजे मेकफाइल. सासूबाईंनी डोळे मिटून सगळं ऐकलं आणि म्हणाल्या, "म्हणजे तू रांधत नाहीस, आधी काय चढवायचं ते सांगतेस." इतकं सरळ एकाही इंजिनिअरला सांगता आलं नसतं, असं मावशींना वाटलं.

कंपनी लहान, पंचवीस-तीस माणसांची. दिवस भरायच्या आधी जन्मलेल्या बाळांसाठी ऊबपेट्या बनवायची. पारदर्शक पेटी, खाली हीटर, आणि बाळाच्या पोटावर चिकटवायचा एक सेन्सर. बाळ गार पडलं की हीटर वाढतो, बाळ उबलं की कमी होतो. पण हा सेन्सर कधी निसटला, तर मशीनची समजूत होते की बाळ गार पडलं, आणि हीटर जोर करत सुटतो. त्यावर उपाय म्हणून प्रोग्राममध्ये कटऑफ नावाची एक छोटी फाइल होती. वेगळ्या सेन्सरने मोजलेली पेटीतली हवा एकोणचाळीस अंशांच्या वर गेली की हीटर बंद करायचा आणि भोंगा वाजवायचा, एवढंच तिचं काम. याखेरीज पेटीच्या बुडाशी एक थर्मोस्टॅट होता, पण तो पेटीचं प्लास्टिक वितळू नये म्हणून. तो वीज तोडायचा तोवर बाळाचं काय झालं असतं, हे कुणी मोठ्याने बोलत नसे.

कटऑफ नावाचीच दुसरी फाइल चाचणीच्या फोल्डरमध्ये होती. ती पोकळ होती, आत काहीच नव्हतं. टेबलावर नुसता बोर्ड चालवून बघताना हवेचा सेन्सर जोडलेला नसतो, भोंगा उगाच कोकलत बसतो, म्हणून तिथे खऱ्या कटऑफऐवजी ही पोकळ फाइल घालत. पेटीची बिल्ड आणि टेबलाची बिल्ड, दोन्ही दर वेळी एकाच आज्ञेत, एकापाठोपाठ व्हायच्या. बावीस वर्षांत त्यांची गल्लत कधी झाली नाही, कारण जुना कंपायलर शहाणा होता. जो तुकडा जिथे ठेव म्हटलं तिथेच ठेवायचा.

मग जुनी चिप बाजारातून बंद झाली. नवी चिप स्वस्त, चांगली, पण तिचा कंपायलर कुठल्याशा टीचभर कंपनीने बनवलेला. दुसरा कुणी तिला चालतच नाही. तो आला आणि पहिल्या आठवड्यातच मावशींनी त्याचं नाव जावईबापू ठेवलं. सूचना तोंडी दिलेल्या चालत नाहीत, सगळ्या एका वेगळ्या फाइलीत लिहून पुढे कराव्या लागतात. कोणती फाइल कोणावर अवलंबून आहे हे जुना स्वतःहून सांगायचा, हा विचारूनही सांगत नाही. चूक सापडली तरी काम फत्ते असाच निरोप देतो, त्यामुळे त्याची बडबड शेवटपर्यंत वाचून तो खरं बोलतोय की नाही हे ठरवायचं. आणि सगळ्यात त्रासाचं म्हणजे, तुकडा कुठल्याही फोल्डरमधल्या फाइलीचा असो, हा तो एकाच ठरलेल्या जागी नेऊन टाकायचा.

दोन महिने मावशींच्या नाकी नऊ आले, पण त्यांनी एकेक करून जावईबापूंची सगळी मिजास पुरवली. सूचनांची फाइल मेकफाइलच आयत्या वेळी लिहून देऊ लागली. कोण कोणावर अवलंबून, हे शोधायला त्यांनी स्वतः एक छोटा प्रोग्राम लिहिला. बडबड वाचायला दुसरा. आणि त्या एकाच जागेचा प्रश्न असा सोडवला, की तुकडा तिथे पडल्याबरोबर मेकफाइलने त्याची नक्कल उचलून ज्याच्या-त्याच्या फोल्डरमध्ये ठेवायची. मूळ तुकडा हलवायचा नाही, कारण चिप भरणारं यंत्रही जावईबापूंच्याच घरचं, ते मूळ तुकड्यांची नावं तिथे दिसल्याशिवाय कामच करायचं नाही. हे सगळं चाललं. फक्त बिल्डला चाळीस मिनिटं लागायला लागली.

साहेब, म्हणजे कंपनीचे मालक, माणूस वाईट नव्हता, पण त्यांना वाट बघता येत नसे. सहा पेट्या एका प्रसूतिगृहात शुक्रवारी सकाळी पोचवायच्या ठरलेल्या. गुरुवारी दुपारी कुणाच्या तरी लक्षात आलं की पडद्यावरची एक सूचना अर्धवट दिसते, एक ओळ वाढवायला हवी. पण पडद्यावरच्या मजकुराची फाइल बाकीच्या सगळ्या फाइली वापरत, म्हणजे सगळंच पुन्हा करायचं. एका ओळीसाठी पुन्हा चाळीस मिनिटं? साहेब दारात येऊन उभे राहिले. मावशी म्हणाल्या, थांबा, एक करून बघते. मेकफाइल वाचून कामं उरकणाऱ्या मेक नावाच्या प्रोग्रामला एका वेळी एकच काम करायची सवय असते, पण सांगितलं तर ते चार कामं एकदम चालवतं. मावशींनी तसं सांगितलं. अकरा मिनिटांत बिल्ड तयार झाली.

ऑफिसात टाळ्या वाजल्या. साहेब स्वतः सगळ्यांना समोरच्या हॉटेलात चहाला घेऊन गेले आणि इंजिनिअर लोकांना म्हणाले, शिका जरा. मावशी लाजल्या, पण खोटं कशाला बोला, त्यांना ते फार आवडलं. दर बिल्डनंतर तिची तारीख आणि आकार एका शंभर पानी वहीत हाताने लिहून ठेवायची त्यांची पद्धत होती. त्या दिवशी चहाच्या गडबडीत ते राहिलं. चाचणी बघणाऱ्या माणसाला सगळे तापमापे म्हणत, कारण त्याच्या खिशाला कायम थर्मामीटर असायचा. त्यानेही नियमाप्रमाणेच केलं. बुधवारी त्याने भोंग्यासकट सगळी चाचणी घेतली होती. गुरुवारचा बदल नुसत्या अक्षरांचा, म्हणून पेटी नीट तापते एवढं बघून त्याने सही केली.

शुक्रवारी सकाळी गाडी सहा पेट्या घेऊन गेली. साडेअकराच्या सुमारास मावशींनी वही काढली आणि गुरुवारचा आकार लिहिला. वरच्या ओळीत बुधवारचा होता. त्यांनी चष्मा पुसला आणि पुन्हा बघितलं. गुरुवारची बिल्ड बुधवारपेक्षा तीनशे बारा बाइटनी लहान होती.

एक ओळ वाढवली होती. मग आकार कमी कसा झाला?

आपण चुकीचा आकडा उतरवला असेल म्हणून त्यांनी फाइल पुन्हा तपासली. आकडा बरोबर होता. मग त्यांनी तीच बिल्ड पहिल्यापासून पुन्हा केली, चार कामं एकदम, घड्याळाकडे बघत. अकरा मिनिटांनी आकार आला तो मोठा, जसा हवा तसा. मावशींनी सुस्कारा सोडला, आणि तो सोडता सोडताच दोन्ही आकडे वहीत शेजारी शेजारी लिहिले. तीच फाइल, तेच मशीन, तीच आज्ञा, आणि काल वेगळं, आज वेगळं? त्यांनी तिसऱ्यांदा बिल्ड लावली. या वेळी त्या खुर्चीत बसू शकल्या नाहीत. उभ्यानेच पडद्यावरून सरकणाऱ्या ओळी वाचत राहिल्या, ओठ हलवत, टायपिस्ट असताना वाचायच्या तशा. शेवटी आकार आला. गुरुवारचाच, बुधवारपेक्षा तीनशे बारा बाइट कमी.

मग त्यांनी खऱ्या कटऑफचा तुकडा उघडून त्याचा आकार बघितला. तो पोकळ कटऑफएवढाच होता. त्यांना सगळं एकदम दिसलं. एकेक काम चालायचं तेव्हा खरा तुकडा पडायचा, त्याची नक्कल व्हायची, मगच पोकळ तुकडा यायचा. चार कामं एकदम चालली, आणि खरा तुकडा पडून त्याची नक्कल होण्याआधीच पोकळ तुकडा त्याच नावाने त्याच जागी येऊन त्याच्या उरावर बसला. मेकफाइलने उचलला तो पोकळ. तुकडे जोडणाऱ्या प्रोग्रामने नाव बघितलं, नाव बरोबर होतं, त्याने जोडून टाकला. कुणीच खोटं बोललं नव्हतं. कधी गल्लत व्हायची, कधी नाही, आणि गुरुवारी झाली होती.

म्हणजे त्या सहा पेट्या तापत होत्या, पण थांबणार नव्हत्या.

मावशींनी वही उचलली. त्या तशाच साहेबांच्या खोलीत गेल्या आणि बसायच्या आधीच सगळं सांगून मोकळ्या झाल्या. साहेबांनी ऐकून घेतलं. रागावले नाहीत, ते जास्त जड गेलं. ते म्हणाले, आधी खात्री करू. स्टॉकमध्ये दोन पेट्या आहेत, त्यांत गुरुवारचीच बिल्ड भरलेली आहे. एक तापवू, सेन्सर काढू, भोंगा वाजतो का बघू. वाजला तर उगाच कुणाला घाबरवायला नको. नाही वाजला तर लगेच फोन करू. मावशींनी विचारलं, पेटी तापायला किती वेळ लागेल? तापमापे दारातच होता. तो म्हणाला, गार पेटी, चाळीस मिनिटं तरी धरा.

"चाळीस मिनिटं," साहेब म्हणाले. "मावशी, एक फोन गेला की आपलं नाव गेलं. ते लोक पुन्हा दारात उभं करणार नाहीत. चाळीस मिनिटांनी काय बिघडतंय?"

बोलणं रास्त होतं, आणि हीच पंचाईत होती. मावशी स्वतःच्या टेबलापाशी परत आल्या. पलीकडच्या खोलीत तापमाप्याने पेटी सुरू केली होती, आकडा सव्वीसवर होता. आपल्याला पदवी नाही, हे इतकी वर्षं त्यांना रोज थोडं थोडं टोचत आलं होतं. या वयात ही नोकरी गेली तर दुसरीकडे कोण विचारणार? नवरा छापखान्यात मुद्रितं तपासायचा. दुसऱ्यांच्या चुका शोधण्यात त्याचा जन्म गेला, आणि स्वतःच्या हातून राहिलेली एक चूक छापली गेली की तो दोन दिवस जेवत नसे. मावशी त्याची थट्टा करायच्या, अक्षरच राहिलं ना, माणूस तर नाही मेला. आता ते आठवून त्यांना स्वतःचीच लाज वाटली. पेटीचा आकडा एकोणतीसवर गेला. त्यांनी माहितीपत्रावरचा प्रसूतिगृहाचा नंबर शोधला आणि साहेबांना न विचारता फिरवला.

फोन बाळांच्या कक्षातल्या मुख्य सिस्टरने उचलला. मावशींनी विचारलं, नव्या पेट्या सुरू केल्या का? सिस्टर म्हणाली, एक केलीय, सकाळी जुळं झालं, त्यातलं धाकटं ठेवलंय, सव्वा किलोचं आहे. छान तापते पेटी, असंही म्हणाली.

"सिस्टर, बाळाला बाहेर काढा."

"बाळाला ऊब हवी म्हणून डॉक्टरांनी आत ठेवायला सांगितलंय," सिस्टर म्हणाली. "तुम्ही काढा म्हणताय. कोण तुम्ही, आणि का काढू?"

कारण सांगायला मावशींजवळ दोन वाक्यं होती. एक, काही तांत्रिक तपासणी राहिली आहे. साहेबांनी तेच सांगितलं असतं, आणि ते खोटंही नव्हतं. पण तपासणी राहिली म्हणून कोणतीही सिस्टर गार पडणारं बाळ बाहेर काढणार नाही. त्यांनी दुसरं सांगितलं.

"ही पेटी ज्यावर चालते ते मी बनवलंय, आणि माझ्या हातून चूक झालीय. बाळाच्या पोटावरचा सेन्सर निसटला तर हीटर थांबणार नाही. भोंगाही वाजणार नाही. तुम्हाला कळणारच नाही."

सिस्टरने फोन ठेवला नाही, नुसता टेबलावर टाकला. मावशींना पावलं ऐकू आली, पेटीच्या दाराची खिट्टी ऐकू आली, मग एक अगदी बारीक, किरकिरं रडणं ऐकू आलं. बराच वेळ गेला. सिस्टर परत आली तेव्हा तिला धाप लागली होती. बाळ आईच्या छातीवर उघडं ठेवलंय, वरून पांघरूण घातलंय, म्हणाली. तीन-चार तास तसं निभेल. जुन्या पेट्या काल संध्याकाळीच भंगारात गेल्या. पुढचं तुम्ही बघा.

साहेब दारात उभे होते. त्यांनी किती ऐकलं होतं कोण जाणे. मावशी म्हणाल्या, केला फोन. साहेबांनी फक्त मान हलवली, आणि दोघेही पेटीच्या खोलीत तापमाप्याजवळ जाऊन उभे राहिले. तापमाप्याने सेन्सर काढून बाजूला लोंबत सोडला होता. छत्तीस. सदतीस. अडतीसला तापमाप्याने स्वतःचा थर्मामीटर आत घातला, पडद्यावर विश्वास नसल्यासारखा. एकोणचाळीस. मावशींनी श्वास धरला. चूक आपल्या मनातच असो, आपलं हसं होवो, नोकरी जावो, पण भोंगा वाजो, असं त्यांना मनापासून वाटलं. एकोणचाळीस पॉइंट चार. चाळीस. चाळीस पॉइंट सहा. हीटरचा लाल दिवा तसाच जळत होता.

तापमाप्याने वायर उपटली. साहेब भिंतीला टेकले होते. ते म्हणाले, "किती वेळात नवी बिल्ड होईल?"

"चाळीस मिनिटं," मावशी म्हणाल्या. "एकेक काम करून. त्याच्या आत नाही."

ती चाळीस मिनिटं साहेब त्यांच्या शेजारी स्टुलावर बसून राहिले, आणि एकदाही घड्याळ दाखवलं नाही. मावशींनी आधीचे सगळे तुकडे पुसून टाकले, पोकळ कटऑफ यादीतूनच काढून टाकला आणि कोऱ्यावर सुरुवात केली. आकार वहीत लिहिला. खरा कटऑफ उघडून डोळ्यांनी वाचला. मग गाडी साहेबांनीच चालवली.

बाळांचा कक्ष लहान होता, सहा पेट्यांनीच भरून गेलेला. कोपऱ्यातल्या पलंगावर बाळाची आई भिंतीला टेकून बसली होती, पांघरुणातून मुठीएवढं डोकं दिसत होतं. मावशींना तिच्याकडे बघवेना. त्यांनी पहिल्या पेटीत नवी बिल्ड भरली आणि सिस्टरला म्हणाल्या, झालं. सिस्टर पन्नाशीची, ठेंगणी, बोलायला तोडून. ती म्हणाली, झालं असं सकाळी पण कागदावर लिहून आलं होतं. वाजवून दाखवा.

वाजवून दाखवणं म्हणजे पेटी तापवणं, सेन्सर काढणं आणि थांबणं. या वेळी पेटी अजून कोमट होती, वीस मिनिटांत आकडा एकोणचाळीसला पोचला, आणि भोंगा असा कर्कश वाजला की बाळ दचकून रडायला लागलं. हीटरचा दिवा विझला. साहेबांनी डोळे मिटून घेतले. मावशींच्या जिवात जीव आला, आणि तोच सिस्टर म्हणाली, "परत."

दुसऱ्यांदाही वाजला. तिसऱ्यांदाही. मग सिस्टरने पेटी उघडून गार होऊ दिली, आत पुन्हा ऊब धरेपर्यंत थांबली, चादर बदलली, सेन्सर पुसला. आईजवळ गेली, पांघरूण बाजूला केलं, दोन्ही तळव्यांत बाळ उचललं आणि पेटीपाशी येऊन उभी राहिली. दार उघडं होतं. ती आत ठेवेल म्हणून मावशी बाजूला सरकल्या, पण ती ठेवेना. ती मावशींकडे बघत होती.

"ठेवू?"

आजवर असं कुणी विचारलं नव्हतं. बिल्ड झाली की पडद्यावर ओळ यायची, तापमापे सही करायचा, साहेब गाडी पाठवायचे. होय म्हणायचं काम कायम दुसऱ्या कुणाचं तरी असायचं. मावशींनी बाळाकडे पहिल्यांदा नीट बघितलं. त्याच्या पोटाची कातडी इतकी पातळ होती की आतल्या निळ्या शिरा दिसत होत्या. पलंगावरून आई बघत होती, तिला यातलं किती सांगितलं होतं देव जाणे. सगळं तपासून झालं होतं, तीनदा वाजलं होतं, आणि तरी मावशींचा हात पुन्हा सेन्सरकडे गेला.

"एकदा अजून बघते," त्या म्हणाल्या.

सिस्टरने बाळ छातीशी धरलं आणि पाय जरा फाकवून नीट उभी राहिली. "बघा," ती म्हणाली. "मी धरून आहे."